मोहाच्या दारूची पारख आणि फुलाचा भाव

शेतकीच्या मासिकात दारूविषयी लिहावयाचे म्हणजे काही वाचकांच्या कपाळास आठी पडणार, हे आम्ही जाणून आहो. त्यांनी ती आठी क्षणभर राखून ठेवावी. ज्यांच्या घरात दारूचा थेंब शिरत नाही अशा अनेक शेतकऱ्यांच्या बांधावर मोहाचे झाड उभे आहे, आणि त्या झाडाच्या फुलास काय भाव मिळावा हे यापुढे दारू चाखणाऱ्याची जीभ ठरविणार आहे. ऊस लावणारा प्रत्येक जण गोडखाऊ असतो असे नाही. तथापि गुळाची पारख त्यास यावीच लागते. मोहासंबंधाने आमचे म्हणणे इतकेच की, न मुरविलेल्या दारूची परीक्षा ही खरे पाहता फुलाची परीक्षा होय. आणि ती जोपर्यंत केवळ व्यापारी व भट्टीवाला ह्यांच्या हाती आहे, तोपर्यंत निर्मळ फूल आणि कुबट फूल एकाच तागडीत, एकाच भावाने जावयाचे.

न मुरविलेली म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. दारू दोन रीतींनी बाजारात येते. एक ओकच्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरवून. दुसरी भट्टीतून उतरल्यावर पाणी घालून बेताची करून, थोडे दिवस काचेच्या अगर पोलादाच्या भांड्यात स्वस्थ ठेवून, तशीच बाटलीत भरून. पिंपाचे लाकूड दारूस रंग देते, व्हॅनिलासारखा गोडसर वास देते, तिची धार बोथट करते आणि मूळ मालातील कित्येक उणिवा झाकून टाकते. कोऱ्या दारूस असा पडदा नसतो. खराब तांदळाचा मसालेभात करून पाहुण्यास वाढता येतो, पण त्याच तांदळाची पेज वाढली तर पहिल्या घोटासच तांदूळ आपली जात सांगतो. तसाच हा प्रकार आहे.

ह्या गोष्टीचे जगात गाजलेले उदाहरण म्हणजे मेक्सिको देशातील टकीला. आपल्याकडे कुंपणास लावतात त्या घायपाताच्याच कुळातील एका निळसर जातीपासून ती करतात. हे पीक सहा-सात वर्षे शेतात उभे असते. नंतर पाने छाटून मधला गड्डा काढतात, तो शिजवितात, रस पिळून आंबवितात आणि बहुधा दोन वेळा गाळतात. १९७४ साली त्या सरकारने टकीला हे नाव हालिस्को प्रांत व आणखी काही ठराविक मुलूख एवढ्यापुरते राखून ठेवले. दोन महिन्यांच्या आत बाटलीत भरलेल्या दारूस तेथे ब्लांको, म्हणजे पांढरी, म्हणतात. तेथील जाणते लोक एखाद्या कारखान्याची खरी परीक्षा करावयाची तर पिंपात मुरलेल्या महाग बाटलीपेक्षा ब्लांकोकडे आधी वळतात. शिजल्या गड्ड्याचा भाजलेल्या रताळ्यासारखा गोड वास, मिऱ्याची झणझण, लिंबाच्या सालीचा तजेला, मागे रेंगाळणारी हिरव्या पाल्याची व मातीची चव, हे सारे त्यात उघडे दिसते. गड्डा कोवळाच उपटला असेल, किंवा न शिजविता यंत्राने धुऊन त्यातील साखर ओढून काढली असेल, तर दारू पातळ आणि औषधासारखी लागते. तेथील कायद्याने टकीला ह्या नावाखाली निव्वळ घायपाताची दारूही विकता येते आणि निदान ५१ टक्के साखर घायपाताची व बाकीची उसाबिसाची, अशी मिसळलेलीही विकता येते. हा भेद जिभेने ओळखणारे गिऱ्हाईक आहे म्हणूनच निव्वळ मालाचा निराळा मान आणि निराळा भाव टिकून आहे, असे आम्हांस वाटते.

हे वाचून कोणी बांधावर घायपात लावावयास धावू नये. दख्खनच्या पठारावरील रानटी घायपातापासून आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात २०११ च्या सुमारास अशी दारू होऊ लागली आहे, आणि टकीला हे नाव तिला लावता येत नसतानाही ती विकली जाते, हे खरे. परंतु मेक्सिकोतच काय झाले ते पाहावे. गड्ड्यास भाव चढला म्हणून जो तो घायपात लावीत सुटला, आणि २०२३ नंतर पीक काढणीस येताच भाव कोसळला. मोहाच्या बाबतीत असा लोंढा येण्याची भीती थोडी आहे, कारण झाड फुलावर यावयासच आठ-दहा वर्षे तरी लागतात. जे उभे आहे तेच भांडवल. चिखलोलीच्या बाजूस भाताची खाचरे जाऊन तेथे इमारती उभ्या राहात आहेत. अंबरनाथ आणि बदलापूर ह्यांमधील बांधावरचे जे झाड आज तुटेल ते आपल्या नातवासही परत मिळावयाचे नाही. बारवीच्या रानाकडे आणि पुढे मुरबाड-शहापुराकडे अद्याप पुष्कळ मोह आहेत, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

मोहाचे फूल फाल्गुन-चैत्रात, झाडाची पाने झडलेली असता, रात्री उमलते आणि पहाटे गळू लागते. त्याची पाकळी मांसल व रसाने फुगलेली असते. ताज्या फुलात बहुतांश पाणी; ते नीट वाळविले म्हणजे उरते त्यात निम्म्याहून अधिक साखर. ह्या फुलाच्या विलक्षण वासाचा शोध रसायनज्ञांनी घेतला तेव्हा त्यांस त्यात एक द्रव्य सापडले. त्याचे नाव लांबलचक आहे, २-ॲसिटिल-१-पायरोलीन. परंतु त्याची ओळख भातवाल्यास नवी नाही. बासमतीचा आणि आपल्या आंबेमोहराचा जो घमघमाट, त्याचे मुख्य द्रव्य हेच. म्हणजे ज्या नाकाने आपण चुलीवरच्या भाताची जात दारातून ओळखतो, त्याच नाकाने मोहाची पारख करावयाची आहे. नवे नाक विकत आणावयाचे नाही.

मग आजवर ही पारख आपल्यांत का वाढली नाही? ह्याचे उत्तर बरेचसे कायद्याच्या इतिहासात आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून मोठ्या केंद्रीय भट्ट्यांत दारू गाळण्याचे सरकारी धोरण पक्के झाले. उरणास मोहाची दारू होत असे, आणि तिजसाठी फूल गुजरातच्या बाजूने येत असे. इकडे ठाणे व कुलाबा ह्या जिल्ह्यांपुरता १८९२ साली खास मोहाचा कायदा झाला आणि स्वतःच्या झाडाखालचे फूल बाळगणेही गुन्ह्याच्या सदरात जाऊ लागले. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तेच निर्बंध निराळ्या रूपाने चालू राहिले. झाड आपले, गळणारे फूल आपले, पण ते घरात आणले की शिपाई दारात. अशा स्थितीत जी दारू झाली ती रानात, रात्री, घाईने झाली. चोरून केलेल्या मालाची परीक्षा कोणी करीत नाही. चढते किती, एवढेच विचारतात.

ही स्थिती आता पालटू लागली आहे. २०२१ साली राज्य शासनाने मोहफुले वेचणे, साठविणे व विकणे ह्यांवरील निर्बंध उठविले. २०२२ च्या एप्रिलात काजू, मोह इत्यादिकांपासून होणाऱ्या दारूस देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घालण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिली. सह्याद्रीच्या पायथ्याचे झाड आणि ठाकर-कातकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची दारू ही कागदोपत्री विदेशी ठरावी, ह्यावर हसावे की रडावे ते वाचकांनी ठरवावे. हेतू मात्र तिला चांगल्या बाटलीत व चांगल्या दुकानात जाता यावे असाच होता. मध्य प्रदेशात त्याच वर्षीच्या धोरणाने मोहाच्या दारूस वारशाचे मद्य मानून आदिवासी बचतगटांस ती करण्यास मुभा मिळाली, आणि अलिराजपूर जिल्ह्यातून ती बाजारात आली. आपल्या अगदी शेजारी, डहाणूस (जे २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते), साउथ सीज डिस्टिलरीने २०२४ साली मोहाची दारू महाग बाटलीत घालून विकावयास काढली. मुंबईच्या उपाहारगृहांतून ती नाकाशी धरून चाखणारे लोक आहेत. ते कशास चांगले म्हणतात हे ज्यास कळेल, त्यास फुलाचा भाव मागता येईल.

येथे एका शब्दाशी आमचे भांडण आहे. दारूची स्तुती करावयाची तर आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणतात; आणि हा शब्द इतका रुळला आहे की अस्सल आणि कडक अशा माणसासही तो लावतात. मोहाच्या दारूचे जेवढे नुकसान कायद्याने केले, त्याहून फारसे कमी ह्या एका शब्दाने केलेले नाही. भट्टी तापू लागली म्हणजे जे पदार्थ थोड्या उष्णतेने उडतात ते आधी उतरतात. त्या पहिल्या धारेत मद्यार्काचे प्रमाण मोठे असते हे खरे, पण तिच्यात नाकास झोंबणारे आल्डिहाइड आणि नखांचा रंग पुसावयाच्या औषधासारखे वास येणारे इथिल ॲसिटेट हेही गोळा झालेले असते. शेवटच्या धारेत उलट जड, तेलकट, आंबट द्रव्ये येतात व तिला भिजलेल्या घोंगडीचा वास सुटतो. फुलाचा वास शुद्ध रूपाने असतो तो मधल्या धारेत. जाणता कारागीर पहिली धार बाजूस काढतो, शेवटची पुढच्या घाण्यात परत घालतो आणि मधली राखतो. केव्हा भांडे बदलावयाचे हे तो तळहातावर दोन थेंब चोळून, हुंगून ठरवितो. तेव्हा ‘पहिल्या धारेची’ हे ताकदीचे प्रमाणपत्र आहे, चवीचे नव्हे. गोव्यातील लोक ह्या बाबतीत आपल्याहून शहाणे. काजूच्या बोंडाच्या रसास ते नीरो म्हणतात, एकदा गाळलेल्या सौम्य दारूस उर्राक म्हणतात, आणि पुन्हा गाळून जोरकस केलेलीस फेणी. तीन अवस्थांस तीन नावे आहेत म्हणून तीन चवींची तीन निरनिराळी अपेक्षा आहे. २००९ साली काजूफेणीस भौगोलिक मानांकन मिळाले त्याच्या मुळाशी हे शब्दभांडार आहे, असे आम्ही समजतो. ज्या मालास शब्द नाहीत त्याचा अर्ज तरी काय करावयाचा? बदलापूरच्या जांभळास मानांकन मिळाले, ते जांभळाच्या वाणाचे व चवीचे वर्णन कोणीतरी कागदावर नीट मांडले म्हणूनच.

काडी लावून निळी ज्योत पाहण्याची, अगर बाटली हलवून फेसाचे मणी मोजण्याची रीत गावोगाव आहे. दोहोंनीही जोराचा अंदाज येतो, याहून अधिक काही कळत नाही.

आता चाखावयाचे कसे ते सांगतो. प्रथम हे स्पष्ट असावे की, चाखणे निराळे आणि पिणे निराळे. परीक्षक घोट तोंडात फिरवून थुंकून टाकतो, आणि ज्यास थुंकणे जमत नाही त्याने परीक्षक होऊ नये. माल परवानाधारक कारखान्याचा, सीलबंद बाटलीतीलच घ्यावा, व राज्यातील कायद्याने लागणारा परवाना जवळ असावा. वेळ सकाळची, न्याहारी होऊन तासाभराने. त्या दिवशी पान, तंबाखू, कांदा, लसूण व अत्तर वर्ज्य. पेला पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. पसरट वाटीतून तो उडून जातो. पंधरा मिलिलिटर दारू पुरे. बर्फ घालू नये. मेक्सिकोबाहेर टकीलाबरोबर मीठ चाटून लिंबू चोखण्याची जी चाल पडली आहे ती वाईट माल गळ्याखाली उतरविण्याची युक्ती आहे. परीक्षकास तिचे काय काम?

पेला नाकाखाली चार बोटे दूर धरावा व तोंड किंचित उघडे ठेवून हळू श्वास घ्यावा. नाक पेल्यात खुपसले की मद्यार्काच्या झोंबण्याने ते बधिर होते आणि पुढची परीक्षा फुकट जाते. पहिला वास मनात नोंदवून पाच मिनिटे थांबावे व पुन्हा घ्यावा; उडणारे दोष पहिल्या खेपेस दिसतात, फूल दुसऱ्या खेपेस. त्यानंतर तितकेच पाणी मिसळावे. दारू ४० टक्क्यांची असेल तर आता २० ची झाली. झोंबणे कमी होऊन जे दडले होते ते वर येते. पाणी घालताच दारू दुधाळली तर शेवटच्या धारेतील तेले पुष्कळ राहिली आहेत असा संशय घ्यावा. मग लहानसा घोट जिभेवर सर्वत्र फिरवावा, थुंकावा, आणि नाकावाटे श्वास सोडून चव किती वेळ मागे राहते ते पाहावे. दोन नमुन्यांच्या मध्ये साधे पाणी व फिका भात ह्यांनी तोंड स्वच्छ करावे. एका बैठकीस चार-पाच नमुन्यांपलीकडे जाऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणत्या पेल्यात कोणाचा माल आहे हे चाखणाऱ्यास कळता कामा नये. पेल्यांवर नुसते आकडे घालावेत व ओतणारा निराळा असावा. आपली जीभ खरोखर भेद ओळखते की आपण नावास भुलतो, हे पाहावयाचे असल्यास तीन पेले मांडावेत, दोहोंत एकच माल, तिसऱ्यात निराळा. आणि निराळा कोणता ते विचारावे. पुष्कळ शेखी मिरविणारे येथे गारद होतात. परीक्षा संपल्यावर पेले न धुता तसेच उपडे ठेवावेत व दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगावेत. मद्यार्क तोवर उडून गेलेला असतो. मागे राहतो तो फुलाचा अंश, अगर बुरशीचा. ह्या वाळल्या पेल्याइतका प्रामाणिक साक्षीदार आम्ही दुसरा पाहिला नाही.

चांगल्या मोहाच्या दारूत काय सापडावे? प्रथम फुलाचा स्वतःचा वास, गोड, थोडासा कस्तुरीकडे झुकणारा, काहींना उग्र वाटणारा. त्याच्या मागोमाग मनुका व सुके अंजीर. कधी नुकत्याच उतरविलेल्या सुवासिक भाताच्या वाफेची आठवण. तोंडात आरंभी मऊपणा, मध्ये मिऱ्यासारखी उष्णता, आणि शेवटी किंचित कडूपणा. हा कडूपणा बेताचा असेल तर तो दोष नव्हे. मोहाची ती खूण आहे, आणि तो घालविण्यासाठी साखरेचा पाक मिसळणारा कारखानदार आपल्या फुलाचाच अपमान करतो. गुळाची गत वाचकांस ठाऊक आहे. गिऱ्हाइकास पिवळाधमक गूळ हवा म्हणून गुऱ्हाळवाल्याने हायड्रॉस घातले, आणि काळसर पण उत्तम गूळ अडत्याच्या दारात पडून राहिला. चवीच्या जागी डोळ्याने न्याय केला की असे होते.

दोषांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण शेतकऱ्याचा पैसा तेथेच बुडतो. कुबट, कोंदट, जुन्या गोणपाटासारखा वास हा बहुधा भट्टीचा नसतो, तो वाळवणाचा असतो. फुले अर्धी ओली असताना ढीग घातला किंवा वाळलेले फूल साध्या पोत्यात पावसाळाभर ठेवले, की आतून बुरशी धरते. वरून फूल तांबूस, सुरेख दिसते. भट्टीत गेले की सर्व उघडकीस येते. खवट लोण्याचा वास हा बिघडलेल्या आंबवणाचा, आणि व्हिनेगरसारखी आंबट चुणचूण उघड्यावर फार दिवस राहिलेल्या आंबवणाची. हे दोन्ही कारखान्याच्या पदरी घालावेत, फुलाच्या नव्हे. भट्टीवाला हे आपल्याच माथी मारू पाहील, म्हणून हा भेद शेतकऱ्यास ठाऊक असला पाहिजे. नाकात अमोनियासारखी तिडीक गेली तर नवसागर वापरल्याची शंका घ्यावी आणि तो नमुना पुढे चाखू नये. धातूची चव भांड्याची असते. तांब्याचे भांडे स्वच्छ असेल तर गंधकाचे दुर्गंधी अंश धरून ठेवते व दारू सुधारते. तेच कळकलेले असेल तर आरोग्यास घातक होते.

धुराविषयी मात्र मतभेद आहेत. मेक्सिकोतच घायपाताची मेझकाल म्हणून जी दुसरी दारू होते तिचा गड्डा जमिनीतील खड्ड्यात भाजतात, आणि तिचा धुरकट वास हा तिचा गुण मानतात. आपल्याकडे धूर येतो तो निराळ्या कारणाने. फुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. राखेवर आणि तापल्या जमिनीवर पडलेले ओलसर फूल तो वास पिऊन घेते. कोणी ह्यासही रानाची चव म्हणून डोक्यावर घेईल. आम्हांस ते पटत नाही. ह्या जाळण्याने मोहाची रोपे मरतात, वणवा रानात शिरतो, आणि फुलात राख व खडे येतात. अशा धुराचे कौतुक करणे म्हणजे आळसास बक्षीस देणे होय. झाडाखाली जाळी बांधून किंवा जुनी स्वच्छ लुगडी अंथरून फूल अधांतरी झेलले तर ते निर्मळ राहते. मध्य प्रदेशात जाळीवरचे फूल खाण्याच्या प्रतीचे म्हणून वेगळे विकले जाऊ लागले आहे.

एका धोक्याचा इशारा येथे दिलाच पाहिजे. दारूत मिथिल अल्कोहोल मिसळलेले असेल तर ते नाकास कळत नाही, जिभेस कळत नाही, ज्योतीवरूनही कळत नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे मेली. त्यांस ती दारू निराळी लागली असती तर ती प्याली नसती. म्हणून वर सांगितलेली सर्व विद्या चवीपुरती आहे, सुरक्षिततेपुरती नाही. सुरक्षितता प्रयोगशाळेच्या दाखल्याने आणि परवान्यानेच सिद्ध होते. घरी भट्टी लावून पाहण्याचा मोह कोणी धरू नये.

आता खातेदारांस थोडे अप्रिय वाटेल असे लिहितो. झाड जरी आपल्या बांधावर असले तरी पहाटे उठून कमरेत वाकून फूल वेचणारी बाई बहुधा ठाकर अगर कातकरी असते. तिला मोबदला वजनावर द्यावयाचा आणि फूल मात्र निर्मळ हवे म्हणावयाचे, ह्या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. वजनावर मोल असले की ओले फूल जड भरते, खडेही भरतात. जाळीचा खर्च मालकाने करावा, वाळविण्यास उंच माच करून द्यावा, आणि निर्मळ फुलास जो जादा भाव येईल त्यात तिचा हिस्सा आधी ठरवावा. शिवाय वासाचे ज्ञान आज जर कोणापाशी असेल तर ते तिच्यापाशी आहे. कोणत्या झाडाचे फूल गोड व कोणत्याचे उग्र, हे ती न चाखता सांगते. आपण झाडे मोजली, तिने झाडे ओळखली. परीक्षक मंडळ नेमताना तिला अंगणात उभी करून आपण ओटीवर बसणार असू, तर मंडळ न नेमलेले बरे.

आणि मंडळ नेमावे ते दारूचे नव्हे, फुलाचे. त्यास भट्टी लागत नाही. मूठभर वाळलेली फुले काचेच्या पेल्यात घालावीत, वर कढत पाणी ओतावे, बशी झाकून दहा मिनिटे थांबावे व बशी उचलून वाफ हुंगावी. बुरशी, धूर, आंबटपणा, सर्व काही ह्या वाफेत आधीच बोलते. पाणी गाळून तळाशी किती माती बसली ते पाहावे. पाकळी बोटांत दाबावी. नीट वाळलेली मऊ चामड्यासारखी लवते, ओलसर असेल ती चिकटते, फार तापविलेली मोडते. कारखान्याशी सौदा करताना ज्या गोणीची वाफ निर्मळ तिचा भाव वेगळा मागावा, आणि त्या गोणीची दारू वेगळी गाळून तिचा नमुना परीक्षेस परत द्यावा अशी अट घालावी. पहिल्या वर्षी कारखानदार हसेल. डहाणूसारख्या ठिकाणी महाग बाटली विकणाऱ्यास मात्र ह्या अटीत स्वतःचा लाभ दिसावयास हरकत नाही.

येत्या हंगामात ज्यांस हे करून पाहावयाचे असेल त्यांनी एकाच झाडाची फुले तीन प्रकारे ठेवावीत: जाळीवर झेललेली, झाडलेल्या जमिनीवरून वेचलेली, आणि पाचोळा जाळलेल्या जागेवरून वेचलेली. वाळवण उन्हात, जमिनीपासून उंच, रात्री दव लागणार नाही असे झाकून करावे. प्रत्येकी अर्धा किलो पुरे. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून वर झाडाची खूण व तारीख लिहावी, आणि फूल बाळगण्यासंबंधीचे चालू नियम जवळच्या उत्पादन शुल्क कचेरीत एकदा विचारून घ्यावेत. बरण्या मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी उघडाव्यात. एकदा हवेत ओल भरली म्हणजे कोंदटपणा फुलाचा की घराचा, हे नाकास सांगता येत नाही.